जहाजाचं टनेज दर लॅपटॉपवर वेगळं येतंय? ट्रॅव्हलरच्या शीटमधलं सर्क्युलर रेफरन्सचं दुखणं

ट्रॅव्हलर हा टेबलावर खेळायचा अंतराळातला रोलप्लेइंग खेळ, आणि त्यातलं जहाज बांधताना टनेजचा हिशेब बरेच जण स्प्रेडशीटमध्ये करतात. लक्षण असं. शनिवारी रात्री शीट व्यवस्थित चालत होती आणि जहाज २१०.७ टनांचं आलं होतं. रविवारी तीच फाइल दुसऱ्याच्या लॅपटॉपवर उघडली, तर एक्सेल ‘सर्क्युलर रेफरन्स’चा (सेल फिरून स्वतःवरच अवलंबून असल्याचा) इशारा देतं आणि हलच्या, म्हणजे जहाजाच्या एकूण टनेजच्या, सेलमध्ये शून्य दिसतं. तिसऱ्याकडे इशारा येत नाही, पण तेच जहाज १९६.५ टनांचं. गुगल शीट्समध्ये रेफ एरर, लिब्रेऑफिसमध्ये एरर ५२२. मग ‘फाइल करप्ट झाली’ म्हणून कुणीतरी जुनी कॉपी ग्रुपवर टाकतं. दोन सेशन गाडी चालते, की परत पहिले पाढे पंचावन्न.

फाइल करप्ट नसते. शीटची मांडणीच गोल फिरणारी असते, आणि प्रत्येक लॅपटॉप त्या गोलातून आपापल्या पद्धतीने बाहेर पडतो. जुनी कॉपी टाकून हे कायमचं जात नाही. मांडणी बदलावी लागते, आणि ते तासाभराचं काम आहे.

आधी आकड्यांबद्दल. ट्रॅव्हलर १९७७ पासून चालू आहे आणि दर आवृत्तीत जहाजबांधणीचे आकडे बदलले आहेत. इथे मॉंगूज या प्रकाशकाच्या दुसऱ्या आवृत्तीचे (२०१६) आकडे घेतले आहेत. तुमच्या टेबलावर दुसरी आवृत्ती असेल तर आकडे तुमच्या पुस्तकातले घाला, रीत तीच राहते. आणखी एक: सेलचे पत्ते, फंक्शनची नावं आणि अंक खाली देवनागरीत लिहिले असले, तरी शीटमध्ये ते इंग्रजीतच टाइप करायचे. देवनागरी कीबोर्डवरून टाकलेला अंक शीट मजकूर म्हणून धरू शकते. शंका आली तर त्या सेलवर ‘इजनंबर’ लावून बघा.

गोल कुठून सुरू होतो

जहाजातले बरेच भाग हलच्या टक्केवारीत मोजले जातात. मॅन्युव्हर ड्राइव्ह (साध्या प्रवासाचं इंजिन) थ्रस्टच्या प्रत्येक अंकाला हलच्या १ टक्का. जंप ड्राइव्ह (एका ताऱ्याकडून दुसऱ्याकडे उडी मारणारं इंजिन) जंपच्या प्रत्येक अंकाला २.५ टक्के, वर ५ टन. जंपचं इंधन प्रत्येक अंकाला १० टक्के. पॉवरचंही तसंच: साध्या यंत्रणांना हलच्या २० टक्के इतके पॉइंट, थ्रस्टच्या आणि जंपच्या प्रत्येक अंकाला आणखी १०-१० टक्के. टेक लेव्हल (तंत्रज्ञानाची पातळी) १२ चा फ्यूजन प्लांट टनामागे १५ पॉइंट देतो, आणि त्याचं चार आठवड्यांचं इंधन प्लांटच्या टनेजच्या १० टक्के, पूर्ण टनात वर चढवून.

एवढ्यावर अजून काही बिघडत नाही. हलचा आकडा हाताने टाइप केलेला असेल, तर सगळे फॉर्म्युले त्याच्याकडून खाली उतरतात आणि शेवटी जे उरतं तो कार्गो. बिघाड तेव्हा होतो, जेव्हा कुणी उलटा प्रश्न विचारतो: ‘मला १२० टन कार्गो हवाय, जहाज केवढं लागेल?’ आणि हलच्या सेलमध्ये सगळ्या भागांची बेरीज लिहितो. आता हल भागांवर अवलंबून आणि भाग हलवर. झाला गोल.

याच्या जोडीला तीन छुपे गोल नेहमी सापडतात. पहिला अगदी बाळबोध: कार्गो म्हणजे हल वजा बेरीज, आणि बेरजेच्या रेंजमध्ये खुद्द कार्गोचीच ओळ. दुसरा पॉवरचा: मागणीच्या कॉलमची बेरीज करताना पॉवर प्लांटची स्वतःची ओळही त्यात धरलेली असते. तिसरा खरा डांबरट, कारण तो छोट्या जहाजात दिसतच नाही: ड्राइव्ह आणि प्लांट मिळून दर ३५ टनांमागे एक इंजिनिअर. इंजिनिअर वाढला की स्टेटरूम, म्हणजे राहायची खोली, वाढते (४ टन), स्टेटरूम वाढली की हल वाढतो, हल वाढला की ड्राइव्ह वाढतो. ३४ टनांपर्यंत सगळं शांत असतं, आणि ३६ ला शीट नाचायला लागते.

गोल शोधायचा कसा

एक्सेलमध्ये आधी इटरेटिव्ह कॅल्क्युलेशन (गोल असला तरी फेऱ्या मारत उत्तर काढणारी सोय) बंद करा: फाइल, ऑप्शन्स, फॉर्म्युलाज, तिथली ‘एनेबल इटरेटिव्ह कॅल्क्युलेशन’ची खूण काढा. ती चालू असेपर्यंत एक्सेल गोल दाखवणारच नाही. मग फॉर्म्युलाज टॅबमध्ये ‘एरर चेकिंग’शेजारचा बाण दाबून ‘सर्क्युलर रेफरन्सेस’ बघा, सेलचा पत्ता मिळतो. एक गोल तोडला की पुन्हा तिथेच बघायचं, कारण सगळे गोल एका दमात दिसतीलच असं नाही. गुगल शीट्समध्ये इटरेशनची हीच सेटिंग फाइल, सेटिंग्ज, कॅल्क्युलेशन इथे आहे. लिब्रेऑफिसमध्ये टूल्स, ऑप्शन्स, लिब्रेऑफिस कॅल्क, कॅल्क्युलेट.

‘माझ्याकडे चालतं, त्याच्याकडे नाही’ याचं उत्तरही इथेच आहे. एक्सेलमध्ये इटरेशनची सेटिंग फाइलसोबत सेव्ह होते खरी, पण चालते ती त्या बैठकीत सगळ्यात आधी उघडलेल्या वर्कबुकची. कुणी आधी ऑफिसची फाइल उघडली आणि मग जहाजाची, तर जहाजाच्या फाइलला ऑफिसच्या फाइलची सेटिंग लागते आणि इशारा येतो. दुसऱ्याने थेट जहाजाची फाइल उघडली, त्याला काहीच होत नाही. फाइल तीच, माणसंही तीच, फक्त उघडण्याचा क्रम वेगळा.

इटरेशन चालू ठेवून भागत का नाही

बहुतेकांचा पहिला उपाय हाच असतो, आणि आमच्या मते तो या शीटमध्ये ठेवू नये. कारण दुखणं इशारा येण्यापुरतं मर्यादित नाही. उत्तरच चुकू शकतं, आणि चुकलंय हे कळतही नाही.

ब्रिजमुळे (जहाज चालवायच्या कक्षामुळे) हे कसं होतं ते पाहा. हल २०० टनांपर्यंत असेल तर ब्रिज १० टन, २०१ ते १००० पर्यंत २० टन, त्यापुढे २००० पर्यंत ४० टन. म्हणजे मध्ये पायरी आहे. ‘कळंबा’ नावाचं एक छोटं व्यापारी जहाज धरू: जंप २, थ्रस्ट १, सहा स्टेटरूम (२४ टन), कॉमन एरिया ६ टन, सिव्हिलियन सेन्सर १ टन, फ्युएल प्रोसेसर २ टन, कार्गो ९० टन. शीटमध्ये हलचा आधीचा आकडा लहान असेल, तर इटरेशन खालून वर चढत १९६.५ वर थांबतं, आणि ब्रिज १० टनच राहतो. पण आधी कुणी ३०० टनांचं जहाज बघत होता आणि त्याच शीटमध्ये आकडे बदलले, तर इटरेशन वरून खाली येतं. ब्रिज २० टनांचा धरलेला असतो, आणि हल २१०.७ वर येऊन अडकतो. २०० च्या खाली उतरल्याशिवाय ब्रिज लहान होत नाही, आणि ब्रिज लहान झाल्याशिवाय हल २०० च्या खाली उतरत नाही.

दोन्ही उत्तरं शीटच्या दृष्टीने बरोबर आहेत. बेरीज जुळते, कुठे लाल काही नाही. फक्त दुसऱ्या जहाजाला विनाकारण १० टनांचा जादा ब्रिज आणि त्याच्यापायी वाढलेला ड्राइव्ह, इंधन, किंमत. टेबलावर दोघांच्या प्रिंटमध्ये १४ टनांचा फरक निघाला की भांडण ठरलेलं.

इटरेशनचा दुसरा त्रास चिकट एररचा. गोलातल्या एका सेलमध्ये क्षणभर मजकूर पडला, की व्हॅल्यू एरर गोलभर फिरते, आणि मजकूर काढल्यावरही जात नाही, कारण प्रत्येक सेल मागच्या फेरीतली एररच वाचत असते. तात्पुरता इलाज: हलच्या फॉर्म्युल्यावर एक ‘इफ’ची खिट्टी लावा. एका सेलमध्ये १ टाकला की हल शून्य, ० टाकला की पुन्हा फॉर्म्युला. एकदा १, एकदा ०, की एरर धुऊन निघते. मोहीम अर्ध्यावर असताना आजची रात्र निभावायला हे ठीक आहे.

खरा उपाय: बेरीज नको, भागाकार

कोल्हापुरातल्या उद्यमनगर किंवा शिरोलीच्या फाउंड्रीत कुणाला विचारा: ३५ किलोचं कास्टिंग हवंय, यील्ड (ओतलेल्या धातूतून हाती येणारा वाटा) ७० टक्के, तर धातू किती वितळवायचा? ३५ मध्ये ३० टक्के वाढवून ४५.५ किलो कुणी म्हणणार नाही, साडेचार किलो कमी पडेल. ३५ भागिले ०.७, म्हणजे ५० किलो. रनर-रायझरमध्ये जाणारा वाटा एकूण धातूच्या टक्क्यात असतो, म्हणून भागाकार. जहाजाचा हल अगदी तसाच काढायचा.

जहाजाचे भाग दोन गटांत पाडा. हलच्या टक्केवारीत चालणारे एकीकडे, ठरीव टनांचे दुसरीकडे. मग हल म्हणजे ठरीव टनेज भागिले (१ वजा टक्केवारीची बेरीज). गोल शिल्लकच राहत नाही.

‘अंदाज’ नावाचा वेगळा टॅब करा आणि असं भरा:

बी२ मध्ये जंप, बी३ मध्ये थ्रस्ट, बी४ मध्ये प्लांटचे टनामागे पॉइंट (इथे १५).
बी५ मध्ये ब्रिज सोडून बाकी सगळं ठरीव टनेज, हवा तो कार्गो धरून. जंप ड्राइव्हवरचे ५ टन यात घालायचे नाहीत, ते फॉर्म्युल्यात आहेत.
बी६ मध्ये ठरीव पॉवर: सेन्सर, प्रोसेसर वगैरे.
बी७ मध्ये टक्केवारी: =०.०१*बी३+०.१२५*बी२+१.१*(०.२+०.१*बी३+०.१*बी२)/बी४
बी८ मध्ये ठरीव बेरीज, ब्रिजशिवाय: =बी५+५+१.१*बी६/बी४

०.१२५ म्हणजे जंप ड्राइव्हचे २.५ टक्के आणि इंधनाचे १० टक्के एकत्र. १.१ चा गुणक प्लांट आणि त्याचं १० टक्के इंधन एकत्र धरण्यासाठी.

आता ब्रिजच्या पायऱ्या. त्यांना इटरेशनच्या हाती द्यायचं नाही, तीन ओळी सरळ मांडायच्या. पहिल्या ओळीत (बी८+१०)/(१-बी७), दुसरीत १० च्या जागी २०, तिसरीत ४०. प्रत्येक ओळीपुढे तपासणी: आलेला हल त्या ब्रिजच्या मर्यादेत बसतो का, म्हणजे २००, १०००, २००० च्या आत आहे का. वरून खाली वाचत जी पहिली ओळ बसते, ती घ्यायची. कळंबाला पहिलीच ओळ बसते, १९६.५. कुणाच्याही लॅपटॉपवर हेच उत्तर येईल. तो हल पूर्ण २०० केला तर कार्गो ९२.१ टन निघतो.

मोठं उदाहरण ‘पंचगंगा’चं. जंप २, थ्रस्ट १, आठ स्टेटरूम (३२ टन), कॉमन एरिया ८, सेन्सर १, प्रोसेसर २, कार्गो १२०. बी५ मध्ये १६३, बी६ मध्ये ३. टक्केवारी येते ०.२९६७, ठरीव बेरीज १६८.२२. दहाच्या ब्रिजने हल २५३.४ येतो, मर्यादा २००, म्हणून बाद. वीसच्या ब्रिजने २६७.६, बसला. इथे १८८.२२ मध्ये नुसते २९.६७ टक्के वाढवले असते तर हल २४४ आला असता, आणि बांधायला घेतल्यावर कार्गो १०३ टनच उरला असता.

२६७.६ हा आकडा जसाच्या तसा वापरू नका. प्लांटचं इंधन पूर्ण टनात चढवायचं असतं आणि अंदाजात ते चढवलेलं नाही, त्यामुळे टनाचा काही अंश कमी पडतो. दहाच्या पटीत वर घ्या: २७०. आता ‘जहाज’ नावाच्या दुसऱ्या टॅबवर हलच्या सेलमध्ये २७० हाताने टाइप करा. लिंक देऊ नका, फॉर्म्युला नको, नुसता आकडा. मग मॅन्युव्हर ड्राइव्ह २.७, जंप ड्राइव्ह १८.५, जंपचं इंधन ५४, पॉवर १३८ पॉइंट म्हणून प्लांट ९.२, त्याचं इंधन १, ब्रिज २०, सेन्सर १, प्रोसेसर २, स्टेटरूम ३२, कॉमन एरिया ८. बेरीज १४८.४, कार्गो १२१.६. ड्राइव्ह आणि प्लांट मिळून ३०.४ टन, म्हणजे इंजिनिअर एकच पुरतो. हार्डपॉइंट (शस्त्रं बसवायच्या जागा) दोन. ही ओळ तुमच्या शीटमध्ये अशीच आली, तर शीट बरोबर चालते आहे.

एक सवलत बरेच जण विसरतात: जंप मारताना मॅन्युव्हर ड्राइव्ह चालू नसतो. रेफरीची (खेळ चालवणाऱ्याची) हरकत नसेल तर पॉवरमध्ये थ्रस्ट आणि जंप यांची बेरीज न धरता दोघांतला मोठा आकडा धरा. पंचगंगेला मग १११ पॉइंट पुरतात आणि प्लांट ७.४ टनांवर येतो. १.८ टन वाचले, आणि टनाला एक एमसीआर (दहा लाख क्रेडिट, खेळातलं चलन) या दराने १.८ एमसीआरही.

१०० टनांच्या जंप १ जहाजाला वरचा अंदाज थोडा कमी सांगतो. जंप ड्राइव्ह किमान १० टनांचा असावा लागतो आणि सूत्राने तो ७.५ येतो. अशा वेळी बी७ मधून २.५ टक्के काढा आणि बी८ मध्ये ५ च्या जागी १० घाला.

गोल तोडल्यावरही तफावत राहिली तर

बहुधा कुठल्यातरी सेलमध्ये आकड्याऐवजी मजकूर आहे. कुणीतरी ‘२० टन’ असं टाइप केलेलं असतं. ‘सम’ फंक्शन मजकूर गुपचूप सोडून देतं, त्यामुळे एररही येत नाही, फक्त ब्रिज बेरजेतून गायब. आकडे डावीकडे चिकटलेले दिसले की तिथेच बघा. ‘टन’ दिसायलाच हवं असेल तर सेलमध्ये फक्त आकडा ठेवून कस्टम नंबर फॉर्मॅटमध्ये अवतरणचिन्हांत टन लिहा.

दुसरं, नवी ओळ बेरजेच्या बाहेर राहते. टरेट (शस्त्राचा मनोरा) शेवटच्या ओळीखाली घातला, पण ‘सम’ची रेंज वरच संपते. बेरजेच्या लगेच वर एक रिकामी, रंगवलेली ओळ ठेवा, रेंज तिच्यापर्यंत न्या, आणि नवीन भाग नेहमी त्या ओळीच्या वर घाला.

व्हीलुकअपचा चौथा भाग रिकामा सोडला की तो ‘जवळपासचं’ शोधतो. ड्राइव्ह किंवा सेन्सर नावाने शोधताना तिथे ‘फॉल्स’ हवाच, नाहीतर सिव्हिलियन सेन्सर मागितला आणि मिलिटरीची किंमत आली असं होतं. ब्रिजच्या पायऱ्यांसाठी मात्र जवळपासचंच शोधायचं असतं, पण तिथे तक्ता चढत्या क्रमात हवा आणि हल पूर्णांकात. हल २००.४ असेल तर २०१ ची पायरी त्याला लागत नाही आणि छोटा ब्रिज फुकटात मिळतो.

‘राउंडअप’ कधी कधी एक टन जास्त देतो. शीटच्या पोटात ०.१ गुणिले ३ हे नेमकं ०.३ नसतं, सोळा-सतराव्या घरात थोडी शेपटी राहते, आणि त्या शेपटीपायी ३ चे ४ होऊ शकतात. राउंडअपच्या आत आधी राउंड लावा, सहा घरांपर्यंत: =राउंडअप(राउंड(सी९*०.१,६),०). याच कारणाने ‘बेरीज = हल’ अशी थेट तुलना करू नका. फरकाचं ‘अॅब्स’ ०.००१ पेक्षा कमी आहे का ते बघा, आणि नसेल तर सेल लाल करा.

किमतीच्या कॉलममध्ये क्रेडिट आणि एमसीआर एकत्र आले की सगळा हिशेब हास्यास्पद होतो. एक एमसीआर म्हणजे दहा लाख क्रेडिट. पंचगंगेचा स्ट्रीमलाइन्ड हल १६.२, ड्राइव्ह ५.४ आणि २७.७५, प्लांट ९.२, ब्रिज १.५, सेन्सर ३, प्रोसेसर ०.१, स्टेटरूम ४, कॉमन एरिया ०.८. कॉम्प्युटर आणि सॉफ्टवेअर सोडून ६७.९५ एमसीआर, आपल्या भाषेत ६ कोटी ७९ लाख ५० हजार. आता प्रोसेसरच्या जागी कुणी ०.१ ऐवजी १,००,००० टाकले तर बेरीज १,००,०६७.८५ दिसते. हे लगेच कळतं. पण उलटं झालं, क्रेडिटच्या कॉलममध्ये कुणी हलचे १६.२ टाकले, तर मोठ्या आकड्यांत ते बुडून जातं आणि अख्खा हल फुकट मिळतो. सगळं क्रेडिटमध्ये लिहा, आणि एमसीआर फक्त शेवटच्या सेलमध्ये दहा लाखांनी भागून दाखवा. हप्ता किमतीच्या २४० व्या भागाइतका, ४८० महिने. पंचगंगेला महिना २,८३,१२५ क्रेडिट.

टनेज जुळलं आणि नकाशा जुळत नसेल, तर दोष शीटचा नाही. इथला टन वजनाचा नसून आकारमानाचा आहे, एक टन द्रवरूप हायड्रोजनला लागणारी जागा, साधारण १४ घनमीटर. दीड मीटरचा चौकोन आणि तीन मीटर उंची धरली तर दोन चौकोन म्हणजे जवळजवळ एक टन. पंचगंगेला आलेख कागदावर ५४० चौकोन लागतील, इंधनाच्या टाक्या धरून. टाक्या काढायच्या राहून जातात आणि मग ‘जहाजात एवढी जागा कुठून आली’ असा वाद होतो. जंपच्या इंधनाचेच त्यात १०८ चौकोन आहेत.

फाइल पुढे पाठवण्याआधी इटरेशन बंद करून सेव्ह करा, एक्सेल पूर्ण बंद करून फक्त हीच फाइल पुन्हा उघडा. इशारा आला नाही, तपासणीचा सेल लाल झाला नाही, आणि ‘अंदाज’मध्ये पंचगंगेचे आकडे भरल्यावर २६७.६ आलं, की ग्रुपवर टाका. जुन्या कॉप्या मात्र डिलीट करायला सांगा.